दाब, धर, सोड

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक गाडीत, एक गाडीखाली. गाडीतल्याने पेडल दाबून धरायचं. खालच्याने चाकामागचा निप्पल ढिला करायचा, तेलाबरोबर हवेचे बुडबुडे बाहेर पडले की आवळायचा आणि मग सांगायचं, सोड. तोवर वरचा पाय हलता कामा नये. हलला, तर गेलेली हवा परत आत ओढली जाते.

मोहरीलांच्या घरी वरचं माणूस म्हणजे शशिकलाबाई. लग्न होऊन त्या यवतमाळहून भोपाळला आल्या तेव्हा शांताराम मोठ्या सरकारी कारखान्यात टर्बाइनच्या शॉपमध्ये होते, आणि क्वार्टरच्या अंगणात एक मॉरिस मायनर विटांवर उभी होती. पहिल्या महिन्यातच त्यांनी नव्या नवरीला त्या गाडीत बसवलं आणि स्वतः खाली शिरले.

"मी दाब म्हटलं की दाबायचं. सोड म्हणेपर्यंत सोडायचं नाही."

"आणि शिंक आली तर?"

"शिंकायचं. पाय नाही हलवायचा."

तेव्हापासून घरात किती गाड्या आल्या आणि गेल्या. कबाडातून उचललेली लँडमास्टर आली, कुणा डॉक्टरांच्या गॅरेजमध्ये वाळवीने खाल्लेली हेराल्ड आली. शांताराम त्यांना उभं करायचे, गोविंदपुऱ्यातल्या लेथवर एकेक बुश कातून घ्यायचे, रंग द्यायचे, आणि चालायला लागली की ज्याला खरंच हवी त्याला देऊन टाकायचे. चौसष्ट सालची फियाट मात्र कुणाला दिली नाही. रिटायर झाल्यावर अवधपुरीत घर बांधलं ते आधी तिच्यासाठी पोर्च काढून. आणि दर वेळी, प्रत्येक गाडीला, ब्रेकची हवा काढताना पेडलवर पाय शशिकलाबाईंचाच. बाकीची कामं शांताराम क्वचित कुणाला करू देत. ब्रेक कधीच नाही.

आता ते अठ्ठ्याहत्तरचे झाले होते. जॅक लावून चाक काढायला पूर्वी चहा निवेपर्यंतचा वेळ पुरायचा, आता सकाळ जायची. खाली जाताना आधी गुडघे, मग कोपर, मग पाठ असे हप्त्याहप्त्याने जात. उठताना शशिकलाबाई बंपरजवळ उभ्या राहत. हात देत नसत, दिलेला शांतारामांना आवडत नसे. नुसत्या उभ्या राहत.

दिवाळी झाल्यावर मागच्या चाकाशी तेल पाझरलेलं दिसलं. शांतारामांनी चारही चाकांच्या ब्रेकची रबरं बदलली. त्यात आठवडा गेला. शनिवारी सकाळी त्यांनी स्वयंपाकघरात डोकावून विचारलं, "शशी, येतेस? हवा काढायची आहे."

शशिकलाबाईंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन उन्हाळ्यात झालं होतं. त्या जिना चढत नव्हत्या, खाली बसत नव्हत्या. पण त्यांनी गॅस बंद केला, पदर खोचला आणि गाडीत जाऊन बसल्या.

तीन चाकं नीट झाली. "दाब." "दाबला." "सोड." "सोडला." शेजारच्या गच्चीवर पापड वाळत घालणारी बाई हसून बघत होती. चौथं चाक चालू असताना शशिकलाबाईंच्या गुडघ्यातून कळ गेली आणि पाय घसरला. पेडल धाडकन वर आलं.

त्या ओरडल्या, "सुटला!"

खालून आवाज आला, "हां, ठीक. झालं."

त्यांना वाटलं, ऐकलं आहे, पुन्हा करतील. पण शांताराम पाने गोळा करत बाहेर आले आणि पाठ झाडू लागले. शशिकलाबाईंना वाटलं, एवढ्याने काही होत नसेल. इतकी वर्षं ते करताहेत, त्यांना कळणार नाही का? त्या आत जाऊन फोडणीचं बघू लागल्या.

रविवारी त्यांना मुलीकडे जेवायला जायचं होतं. मृणाल कोटरा सुल्तानाबादला राहते, शाळेत शिकवते. शांतारामांनी इस्त्रीचा शर्ट घातला, शशिकलाबाईंनी बेसनाच्या वड्यांचा डबा मांडीवर घेतला. निघण्याआधी शांतारामांनी नेहमीसारखं पेडल दोनदा दाबून बघितलं. रस्ते मोकळे होते. पूर्ण गाव ओलांडून ते गेले, वाटेत ब्रेक फारसा लागलाच नाही.

कोटऱ्याच्या अलीकडे एक उतार आहे. खाली दोन मुली सायकली हातात धरून रस्ता ओलांडत होत्या. शांतारामांनी ब्रेक दाबला आणि पेडल तळाला गेलं. त्यांनी पुन्हा दाबला. पुन्हा तळाला.

"अहो!" शशिकलाबाई म्हणाल्या.

त्यांनी हँडब्रेक ओढला, गिअर खाली टाकला. गाडी अडखळली, पण थांबेना. मुली रस्त्याच्या मधोमध थबकून बघत राहिल्या. तेव्हा त्यांनी स्टिअरिंग डावीकडे फिरवलं आणि फियाट एका रिकाम्या प्लॉटच्या भिंतीवर घातली.

मुलींना काही झालं नाही. शांतारामांच्या छातीला स्टिअरिंगचा मार बसला. शशिकलाबाईंनी पुढे हात टेकला होता. मनगट दोन ठिकाणी मोडलं. लोक धावले, कुणी दार उघडलं, कुणी पाणी आणलं, कुणी मृणालला फोन लावला. एक मुलगा पुन्हा पुन्हा विचारत होता, "अंकल, ब्रेक नहीं लगा क्या?" शांताराम रस्त्यावर सांडलेल्या वड्या गोळा करत होते. बायको दोन पावलांवर दगडावर बसून विव्हळत होती आणि ते मातीतल्या वड्या डब्यात भरत होते. आपण काय करतो आहोत हे त्यांना मृणालने येऊन खांदा धरला तेव्हा कळलं.

प्लास्टर घालून घरी आल्यावर मृणाल बोलली. आवाज चढवला नाही, तेच जास्त लागलं.

"बाबा, आता बस. आईचा हात गेला असता. त्या मुली गेल्या असत्या. तुम्हाला समजतंय ना?"

"समजतंय. चूक माझी आहे."

"मला चूक नाही काढायची. मला तुम्ही दोघं हवे आहात, बस इतकंच."

गाडी ओढून आणून पोर्चमध्ये लावली होती. पुढचा डावा मडगार्ड आत गेलेला, एक दिवा फुटलेला. चार दिवस शांताराम तिकडे फिरकले नाहीत. पाचव्या दिवशी टॉर्च घेऊन गेले. तेलाची बाटली बघितली, भरलेली होती. पाइप बघितले, कुठे गळती नाही. खाली शिरता आलं नाही, छाती दुखत होती. चाकाशी ओणवे होऊन हात घालून त्यांनी एकेक निप्पल चाचपला. सगळे आवळलेले. म्हणजे हवाच. हवा राहिली होती आणि आपण गाडी बायकोला घेऊन रस्त्यावर काढली.

ते पायरीवर बसले. शशिकलाबाई गळ्यात हात अडकवून बाहेर आल्या. त्यांना बघवेना.

"तुमची नाही चूक," त्या म्हणाल्या. "पाय सुटला होता माझा. शेवटच्या चाकाला. मी सांगितलं तुम्हाला."

"काय सांगितलं?"

"सुटला म्हणून ओरडले. तुम्ही ठीक म्हणालात."

शांतारामांनी टॉर्च खाली ठेवला. "मला सोडला असं ऐकू आलं. वाटलं, मी सोड म्हणून गेलो असेन."

"मी पुन्हा सांगायला हवं होतं."

"नाही."

"मला वाटलं, तुम्हाला समजलंच असेल. आणि तुम्ही पेडल दाबून बघता ना निघताना? त्या दिवशीही बघितलंत. मी म्हटलं, ठीक असेल."

 शांतारामांनी चप्पल काढून उजवा पाय पुढे केला. "इथे बोट लाव. तळव्याला."

शशिकलाबाईंनी वाकायचा प्रयत्न केला, जमेना. त्यांनी आपल्या पायाचा अंगठा शांतारामांच्या तळव्यावर दाबला.

"लागलं?"

"नाही," शांताराम म्हणाले. "दाबते आहेस हे दिसतं म्हणून माहीत. वर्ष झालं. शुगरमुळे असेल. पूर्वी पेडलवर पाय ठेवला की मला कळायचं, हवा कुठल्या चाकात राहिली आहे. त्या दिवशी दाबलं तेव्हा काहीच कळलं नाही. आणि मी निघालो."

"मला बोलला नाहीत."

"बोललो असतो तर तू गाडी चालवू दिली नसतीस."

"नसतीच दिली."

"म्हणून."

शशिकलाबाई रागावतील असं त्यांना वाटलं होतं. त्या शेजारी बसल्या. बसताना त्यांना त्रास झाला आणि या वेळी त्यांनी शांतारामांचा हात धरला. "मीही गुडघा दुखतो म्हणाले नाही," त्या म्हणाल्या. "मग तुम्ही कुणाला बसवलं असतं गाडीत?" आणि त्यांना रडू फुटलं. लग्न झाल्यापासून शांतारामांनी त्यांना असं रडताना बघितलं नव्हतं, स्वतःची आई गेली तेव्हासुद्धा नाही. काय करावं ते त्यांना सुचेना. ग्रीस पुसायचं फडकं हातात होतं, तेच त्यांनी पुढे केलं. शशिकलाबाईंनी ते घेतलं, त्याने डोळे पुसले, आणि गालावर काळा पट्टा उमटला.

गाडी देऊन टाकायची म्हणून मृणालने इंदूरच्या एका माणसाशी बोलणं केलं. पराग त्याचं नाव, चाळिशीचा, जुन्या गाड्यांचा वेडा. तो उघडा ट्रक घेऊन आला. फियाटभोवती फिरून गुडघ्यांवर बसला, मडगार्डवरून हात फिरवला, आणि शांतारामांकडे न बघता म्हणाला, "काका, किती जपलीय हो."

शांतारामांना तो आवडला. नसता आवडला तर बरं झालं असतं.

ते त्याला सांगत राहिले. थंडीत चोक किती ओढायचा, दुसरा गिअर कसा पडतो, पावसाळ्यात मागचं डावं दार फुगतं. पराग ऐकत होता, मधेच फोनवर रेकॉर्ड करू का म्हणाला. "कर," ते म्हणाले, आणि फोन समोर धरल्यावर त्यांना पुढचं एकही वाक्य सुचेना. "येईल तुझ्या लक्षात," एवढंच म्हणाले.

"काका, इंदूर काय लांब नाही. कधीही या. खाली नका शिरू, खुर्ची टाकून बसा, मला सांगा."

"येईन," शांताराम म्हणाले. मृणालकडे त्यांनी बघितलं नाही.

गाडी ट्रकवर चढवताना परागच्या माणसांनी ढकलली. एका क्षणी ती मागे घरंगळली आणि शांताराम धावले. अठ्ठ्याहत्तरचा माणूस, बधिर पाय, तोल गेला. मृणालने कंबरेला धरून ओढलं नसतं तर गाडीखाली आले असते. "बाबा!" ती किंचाळली. माणसं थांबली. ट्रकवरचा पराग अवघडून गेला. शांताराम मुलीच्या हातात तसेच उभे राहिले आणि म्हणाले, "चढवा, चढवा. मी नाही येत मधे."

ट्रक वळणावर दिसेनासा झाला. शशिकलाबाई फाटकाशी आल्या नव्हत्या. त्या आत देवाजवळ दिवा लावून बसल्या होत्या, भर दुपारी.

पंधरवड्याने समोरचे वसंतराव विचारायला आले. त्यांच्या मुलाने नवी गाडी घेतली होती, त्यांच्याकडे जागा नव्हती, उन्हात रंग जाईल. "तुमचा पोर्च रिकामा आहे, तर..." पुढचं ते बोलले नाहीत.

"लावा ना," शांताराम म्हणाले.

ते गेल्यावर शशिकलाबाईंनी विचारलं, "कशाला हो म्हणालात? बघवेल तुम्हाला?"

"आता तरी कुठे बघवतं?"

पांढरी गाडी संध्याकाळी आली. मुलाने ती लावली, कव्हर घातलं, किल्ली खिशात टाकली आणि नमस्कार करून गेला. शांताराम खिडकीशी उभे होते. कव्हर एका बाजूने लोंबत होतं, वाऱ्याने फडफडत होतं. ते बाहेर जायला निघाले, दाराच्या कडीला हात लावला, आणि थांबले. मग मागे येऊन पलंगावर बसले.

"चहा टाकू?" शशिकलाबाईंनी विचारलं. त्यांचं मनगट अजून पुरतं वळत नव्हतं, पातेलं डाव्या हाताने उचलावं लागे.

"मी टाकतो," ते म्हणाले. पण उठले नाहीत. मग त्याच उठल्या.