प्लोयेश्तचे पिवळे लांडगे

उपासनाचा फोन आला तेव्हा सुभाष ड्राइव्हवेवरचा बर्फ काढत होते.

“बाबा, तुम्हाला रोमानियन येतं ना?”

“यायचं. चाळीस वर्षं झाली त्याला. आता काय आठवणार?”

उपासना अमेरिकेत नेपरव्हिलमधल्या एका रिहॅब सेंटरमध्ये फिजिओथेरपिस्ट होती. तिच्याकडे पेत्रे नावाचे ऐंशी वर्षांचे गृहस्थ आले होते. स्ट्रोकनंतर त्यांचं इंग्लिश पार पुसलं गेलं, उरली ती मातृभाषा. एकुलता एक मुलगा ॲरिझोनात. इंटरप्रिटरचा फोन लावला की ते डोळे मिटून घ्यायचे. व्यायामाला नकार आणि जेवण ताटात तसंच.

“प्लोयेश्त नावाच्या गावचे आहेत,” ती म्हणाली.

सुभाषनी फावडं भिंतीला टेकवलं. “येतो मी.”

१९८३ साली नागपूरहून निघालेला तरुण इंजिनिअर सुभाष तेलविहिरींच्या ड्रिलिंगचं ट्रेनिंग घ्यायला दीड वर्ष त्याच गावी राहिला होता. तेलाचं गाव, आणि गावाच्या फुटबॉल क्लबचं नावही पेत्रोलुल. पिवळ्या जर्सीमुळे लोक खेळाडूंना ‘पिवळे लांडगे’ म्हणत.

पेत्रे खिडकीकडे तोंड करून बसले होते. सुभाष गाडीत घोकलेलं नमस्काराचं वाक्य ऐन वेळी विसरले. तोंडातून निघालं ते एवढंच, “हाय, पेत्रोलुल!”

म्हणजे ‘चला, पेत्रोलुल!’ स्टेडियममधली आरोळी.

म्हातारबुवांनी सावकाश मान वळवली. या सावळ्या माणसाकडे ते बराच वेळ पाहत राहिले. मग वाकड्या झालेल्या ओठांतून शब्द आला, “त्रेय... उनू.”

“काय म्हणाले?” उपासनाने विचारलं.

“तीन-एक.” सुभाषना हसू आलं. “अगं, सहासष्टचा लिव्हरपूलचा सामना! गावात हा स्कोअर माहीत नाही असं पोरसुद्धा नव्हतं.”

पुढचा तासभर पेत्रे अडखळत बोलत राहिले आणि सुभाष जमेल तसं मराठीत सांगत गेले. पेत्रोलुल तेव्हा देशाचे चॅम्पियन होते. अठ्ठावन्न, एकोणसाठ आणि सहासष्ट, तीनदा. युरोपियन कपात लिव्हरपूलला जाऊन दोन-शून्य हरून आले, पण आपल्या मैदानावर तीन-एक जिंकले. बेरीज सारखी झाली म्हणून तिसरा सामना ब्रसेल्सला ठेवला, आणि तिथे हरले.

“पण आमच्या गावात तीन-एक,” पेत्रे पुन्हा म्हणाले. एकवीस वर्षांचे असताना ते त्या गर्दीत उभे होते. त्या दिवशी त्यांनी सूप संपवलं.

त्यानंतर दर शनिवारी सुभाष लॅपटॉप घेऊन जायला लागले. सामना असेल तर सामना, नाहीतर जुनी क्षणचित्रं. उपासनाने हुशारी केली. वॉकर धरून दहा पावलं चालल्याशिवाय सामना लावायचा नाही. पेत्रे तिला शिव्या देत चालायचे आणि सुभाष त्यांचं भाषांतर करायचं टाळायचे.

एकदा हाफटाइमला पेत्रेंनी विचारलं, “तू कोणासोबत यायचास मॅचला?”

“मारिनसोबत. आमचा फोरमन.” सुभाष म्हणाले. मग रोमानियन पुरेना म्हणून लेकीकडे वळून मराठीतच बोलू लागले. “नागपूरला आमच्या ऑफिसात माठाशेजारी माझा पेला वेगळा असायचा. कुणी तोंडावर बोलत नसे, पण असायचा. प्लोयेश्तला पहिल्या रविवारी स्टेडियममध्ये मारिनने बाटलीतून पाण्याचा घोट घेतला आणि बाटली माझ्याकडे दिली. मी प्यालो. त्याने परत घेतली, तोंडाला लावली आणि ओरडायला लागला, रेफ्री आंधळा आहे म्हणून. त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं काही. उरलेला सामना मला दिसलाच नाही नीट. डोळे भरून येत होते.”

उपासना म्हणाली, “हे तुम्ही कधी बोलला नाहीत, बाबा.”

“तुला तो पेला कळू नये असं वाटायचं.”

पेत्रेंना मराठी कळलं नव्हतं. पण त्यांनी आपला चांगला हात सुभाषच्या गुडघ्यावर ठेवला आणि सामना संपेपर्यंत काढला नाही. पेत्रोलुलने एक-एक अशी बरोबरी केली.

मार्चमध्ये मुलगा येऊन त्यांना ॲरिझोनाला घेऊन गेला. ते गाडीपर्यंत वॉकर घेऊन स्वतः चालत गेले.