तोफखान्याचं घराणं आणि सांबारपोडी

नागलक्ष्मीला त्या दिवशी सासऱ्यांचं तोंड बंद ठेवायचं होतं, आणि अख्ख्या तंजावरात याहून अवघड काम नव्हतं. वेंकटराव घराण्याबद्दल बोलायला लागले की पाहुण्याच्या पानातलं रसम गार व्हायचंच.

आजचा पाहुणा मात्र साधा नव्हता. अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात पोखरणला अणुचाचणी झाली आणि अमेरिकेनं निर्बंध घातले. नागलक्ष्मीनं सांबारपोडीची, म्हणजे सांबार मसाल्याची, पाकिटं हवाबंद करायला अमेरिकन व्हॅक्यूम पंप मागवला होता, तो तिकडेच अडकला. असला पंप म्हणे अणुबॉम्बच्या कामालाही येतो. घ्या! इकडे सिंगापूरच्या व्यापाऱ्याला दिवाळीआधी माल हवा होता, नाहीतर तिची पहिलीवहिली परदेशी ऑर्डर गेलीच म्हणायची. म्हणून पंप विकणाऱ्या कंपनीचे गुरुमूर्ती मद्रासहून खात्री करायला आले होते, की पंप कोण वापरणार आणि कशाला.

नागलक्ष्मीच्या मसाल्याच्या गिरणीत दोनचार शिंका देऊन गुरुमूर्ती खूश झाले आणि केळीच्या पानावर जेवायला बसले.

"एकच राहिलं," ते वेंकटरावांना म्हणाले. "तुम्हीही भागीदार आहात. घरात कुणाचा सैन्याशी, शस्त्रांशी संबंध?"

नागलक्ष्मीनं डोळे वटारले. काही उपयोग झाला नाही.

"संबंध? अहो, सात पिढ्यांचा! राजांचा तोफखाना आमच्या मूळपुरुषाकडे. दारूचं कोठारसुद्धा! किल्ल्यावरची मोठी तोफ अजून आमचीच समजा."

गुरुमूर्तींचा घास हातातच राहिला. "मग मला हे कळवावं लागेल. नवे नियम फार कडक आहेत, सार. भागीदाराचा तोफखाना म्हटल्यावर अमेरिकेतला साहेब राजा कुठला ते विचारत बसणार नाही. पंप विसरा."

नागलक्ष्मीला रडूच फुटलं. "मामंजी, बुडवलंत मला!"

वेंकटराव गप्प झाले. ते गप्प झालेले तिनं पहिल्यांदाच पाहिले. 'तोफखान्याच्या सुनेनं मिरच्या दळायच्या?' असं वर्षभर टोमणे मारणारा माणूस पानाकडे बघत राहिला.

"लिहू नका," ते शेवटी म्हणाले. "आमच्या मूळपुरुषानं तोफेला हातसुद्धा लावला नाही. तो तोफखान्यातल्या लोकांचा आचारी होता. माझ्या आजोबांनी मरताना सांगितलं. मी कुणाला बोललो नाही, लाज वाटायची."

मग गुरुमूर्ती एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

"आचाऱ्यांवर निर्बंध नाहीत, सार! आणखी सांबार वाढा."

पंप दिवाळीच्या आधी आला. पहिली पाकिटं भरायची त्या सकाळी वेंकटराव न बोलावता गिरणीत हजर. चिमूटभर पोडी जिभेवर ठेवून त्यांनी तोंड वाकडं केलं.

"धने कमी पडलेत, नागू. आपल्या घराण्यात असलं चालत नाही."