जनरलचं पोट

जनरलच्या पोटाला भोकं आहेत हे विल्हेल्मिना ऊर्फ विला ट्राउटवाइनला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कळलं, आणि त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागेना.

जनरल म्हणजे त्यांच्या मेरी-गो-राउंडचा आघाडीचा घोडा. तिच्या आजोबांनी, गॉटफ्रीड ट्राउटवाइननी, १९११ साली स्वतःच्या हाताने कोरलेला. तेव्हा त्याचं नाव कैसर होतं. जर्मनीशी युद्ध पेटलं तसं आजोबांनी घाईघाईने त्याला जनरल करून टाकलं, नाहीतर टर्नर्स इनलेट गावच्या लोकांनी घोड्यासकट त्यांनाही समुद्रात ढकललं असतं. त्यानंतर ट्राउटवाइनांच्या पार्कात आरसेमहाल आला, भूतबंगला आला, बंपर गाड्या आल्या. बासष्टच्या मार्चमधलं वादळ त्यातलं अर्धं ओरबाडून घेऊन गेलं. घोडे तेवढे सगळे राहिले. दर ऑक्टोबरात पार्क बंद झालं की चौतीसच्या चौतीस घोडे ट्राउटवाइनांच्या घराघरांत मुक्कामाला जात, ओल लागू नये म्हणून. कुणाच्या जेवणघरात तीन, कुणाच्या जिन्याखाली दोन. जनरल मात्र थोरल्या लेकराकडे, म्हणजे विलाकडे. तो मान होता.

वसंतात घोड्यांना रंगाचा एकेक हात मिळायचा. जनरल विला रंगवायची. पोट आणि पाय तेवढे तिच्या धाकट्या भावाचे, ऑगीचे, कारण हिचे गुडघे वाकत नसत. यंदा ऑगीचा खांदा धरला, तेव्हा विला पाठीखाली उशी घेऊन स्वतःच घोड्याखाली शिरली आणि तिला ती भोकं दिसली. चार. बुजवलेली, घासून गुळगुळीत केलेली, एका रांगेत.

"वाळवी असेल," ऑगी म्हणाला.

"वाळवी पट्टी लावून भोकं पाडते होय रे?"

"चष्मा बदल, ताई." एवढं बोलून तो बंपर गाडीच्या तारांत असं डोकं खुपसून बसला की जणू आत खजिना आहे.

विलाच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. मग एकेक गोष्ट आठवायला लागली. शेजारच्या गावचं पार्क गेल्या पानगळीत मोडीत निघालं, त्यांचे घोडे सुटे सुटे विकले गेले आणि आता बँकवाल्यांच्या दिवाणखान्यात उभे आहेत. त्या सुमारास जनरलचे फोटो काढायला मासिकवाले आले, तर ऑगीने त्यांना हाकललं. कनेक्टिकटहून एक गिऱ्हाईक आलं, त्याला दारातूनच वाटेला लावलं. का बरं? जवळून कुणी बघू नये म्हणूनच ना! शिवाय हल्ली त्याच्या दारात नवा ट्रक उभा. विलाने भावजयीला, लोरेटाला, खडा टाकून पाहिला.

"ट्रक झकास आहे हं. कधी घेतलात?"

"घेतला बाई एकदाचा. जुन्याचं दार दोरीने बांधायची लाज वाटत होती," लोरेटा म्हणाली. ताकास तूर लागू देत नव्हती, असं विलाला वाटलं. खरं म्हणजे लोरेटाकडे ताकही नव्हतं आणि तूरही. पण संशयाने पछाडलेल्या माणसाला कोण समजावणार?

बाबांचं मृत्युपत्र स्पष्ट होतं. पार्क दोघांचं, निम्मं निम्मं. दुसऱ्याला न सांगता जो पार्कातला खिळाही विकेल त्याचा हिस्सा गेला. ऑगीने खरा जनरल विकून तिथे नकली उभा केला असेल, तर पार्क तिचं एकटीचं होणार होतं, आणि भाऊ जाणार होता. विला रात्रंदिवस हेच घोळवत होती. त्याला सरळ विचारावं हे काही तिला सुचलं नाही. तिने फिलाडेल्फियाहून जुन्या घोड्यांचा एक जाणकार बोलावला.

पार्क उघडायच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी सकाळी, हा क्राउझ नावाचा लुकडा माणूस बॅग घेऊन हजर झाला. ऑगी हातात पोर्क रोलचं सँडविच घेऊन आला आणि जागच्या जागी थबकला.

"हे कोण?"

"आता कळेल," विला म्हणाली.

क्राउझने जनरलच्या कुशीवर नाण्याएवढी जागा खरवडली, भिंग लावलं, मग खाली वाकून पोट चाचपलं. "नक्कल आहे, बाई. काम सुरेख, पण नक्कल. जुने कारागीर असलं लाकूड कधीच घेत नसत. या किनाऱ्यावरच्या लाकडी वाटेच्या, बोर्डवॉकच्या फळ्या आहेत, एकीला एक चिकटवून कोरलेल्या. भोकं बोल्टची."

"ऐकलंस?" विलाचा आवाज चिरकला. "आजोबांचा घोडा विकून खाल्लास! कधी विकलास, बोल!"

ऑगीने घोड्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. सँडविच कागदात नीट गुंडाळलं.

"गेल्या हिवाळ्यात."

"कुणाला?"

"नाव नाही विचारलं."

"मग तुझा हिस्सा गेला, ठाऊक आहे ना?"

"गेला तर गेला. कागद आण, सही करतो."

विला जिंकली होती. पण तिला ते पचेना. पॉपकॉर्नचं तेल कुठलं आणायचं यावरून तीन दिवस भांडणारा हा माणूस निम्मं पार्क असं हातावर उदक सोडल्यासारखं सोडतो? छे. इथेही कुठेतरी पाणी मुरत होतं.

"क्राउझसाहेब, रंगाचे थर किती?"

"मोजतो. चोवीस."

विला भिंगावर वाकली. वर्तुळात वर्तुळं होती. शहात्तरचा निळा, देशाच्या दोनशेव्या वाढदिवसाचा. एकोणसत्तरचा तो फसलेला पिवळा, नवऱ्याच्या मयताच्या वर्षीचा. सगळे तिच्या हातचे, आणि त्यांच्याखाली कोरं लाकूड. गेल्या हिवाळ्यातल्या घोड्यावर चोवीस वर्षांचे रंग? तिने यंदाच्या पंच्याऐंशीपासून उलटे मोजले आणि बासष्टवर येऊन थांबली.

एकसष्टच्या ऑक्टोबरात तिची सासू राहायला आली होती, घरात पाय ठेवायला जागा नव्हती. तिने जनरलला इथेच, तेव्हाच्या जुन्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली सोडलं आणि बाबांना बेधडक सांगितलं की माझ्याकडे आहे. मार्चमध्ये समुद्राने शेडच नेली. ती रडत ऑगीकडे धावली, तेव्हा तो म्हणाला होता, "गप, ताई. मी आदल्या दिवशीच माझ्या कोठारात नेला. बाबांना काही बोलू नकोस." आणि मे महिन्यात जनरल जागेवर उभा होता, ताज्या रंगात. तिने त्याच्या मानेला मिठी मारली होती.

"तू नेलाच नव्हतास," विला म्हणाली. "तो बुडाला. माझ्यामुळे बुडाला."

ऑगीने जनरलच्या कुशीवरच्या खरवडलेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

"ऐका, साहेब," ती क्राउझकडे वळली. "खरा घोडा मी इथे टाकला होता आणि बापाशी खोटं बोलले होते. माझ्या भावाने काही विकलेलं नाही. हा घोडा त्याने केलाय. वादळाने मोडलेल्या बोर्डवॉकच्या फळ्यांतून, आठ आठवड्यांत, मला वाचवायला. आणि मी चोर कुणाला म्हटलं, तर त्याला."

"ताई, पुरे."

"पुरे काय? सही करून मोकळा होत होतास! मला सांगायचं नाहीस?"

"तू मला विचारायचं होतंस," ऑगी म्हणाला. "परका माणूस आणून जनरलचं पोट फाडण्याआधी. एकदा."

"विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंस?"

ऑगीने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही. पुन्हा खोटं बोललो असतो. पण तू विश्वास ठेवला असतास, असं मला आज सकाळपर्यंत वाटत होतं."

त्याने सँडविच खिशात घातलं आणि तो बोर्डवॉकवरून घराच्या दिशेने चालू लागला. उद्या दहाला पार्क उघडायचं होतं. विलाने त्याला दोनदा हाक मारली. पहिल्या हाकेला तो थांबला. दुसरीला नाही.