तीन नंबरचा ताप

साबणाच्या कारखान्यात त्याला सगळे शिडीराव म्हणत, कारण त्याचं निम्मं आयुष्य तेलाच्या टाक्यांच्या शिड्या चढण्या-उतरण्यात गेलं होतं. वर चढायचं, झाकण उघडायचं, मापाची काठी आत बुडवून तेल किती ते बघायचं आणि गुडघ्यांना शिव्या देत खाली यायचं. त्यामुळे टाक्यांवर बिनतारी यंत्रं बसणार हे कळल्यावर त्याला आकाश ठेंगणं झालं. तेल कमी झालं किंवा फार तापलं, तर यंत्र आपणहून फोन करणार होतं.

"कुठल्या नंबरवर?" यंत्र बसवणाऱ्याने विचारलं.

शिडीरावाने छाती फुगवून घडाघडा नंबर सांगितला. तो त्याचा जुना नंबर होता. नवा फोन घेतला तेव्हा जुना फोन त्याने नंबरासकट आत्याला देऊन टाकला होता. पण जिभेला लागलेलं वळण, ते असं थोडंच जातं!

आत्या कारखान्यामागच्या गल्लीत राहायची. नर्स म्हणून इस्पितळात हयात गेली होती. नोकरी संपली तरी खाक्या तोच. एके सकाळी ती केस विंचरत असताना फोन वाजला आणि एक बाई सावकाश, जडशा आवाजात म्हणाली, "तीन नंबर. पातळी खालावली आहे. कृपया लक्ष द्यावे."

आत्याच्या लेखी तीन नंबर म्हणजे तीन नंबरची खाट. "खालावली? अगं, पाणी पितेस की नाही? घोट घोट घे, एकदम ढोसू नकोस!"

दुपारी टाकीत तेल भरलं गेलं आणि पुन्हा फोन आला. "तीन नंबर. पातळी पूर्ववत."

"बघ! ऐकलंस ना माझं?" आत्याचा चेहरा उजळला. कितीतरी दिवसांनी कुणीतरी तिचं मुकाट्याने ऐकलं होतं.

तेव्हापासून दोघींचं चांगलं जमलं. आत्या बोलायची, तीन नंबर मध्ये तोंड घालायची नाही. पण एक दिवस आवाज आला, "तीन नंबर. तापमान वाढत आहे. साबण कारखाना, मागचे आवार. तातडीने या."

आत्याने थर्मामीटर, ओल्या घड्या आणि थर्मासमध्ये गरम सूप घेतलं आणि तरातरा निघाली.

इकडे शिडीराव मॅनेजरसाहेबांसमोर चहा पीत बसला होता. "साहेब, यंत्र बसल्यापासून एकदाही फोन नाही. सगळं कसं आलबेल!"

तेवढ्यात दार धाडकन उघडलं.

"आत्या, तू इथे?"

"तीन नंबर तापाने फणफणलीय आणि तू चहा ढोसतोयस? माणूस आहेस की धोंडा?"

"अगं, तीन नंबर टाकी आहे!"

"आडनाव काही का असेना तिचं! आधी तिला दाखव."

मॅनेजरसाहेबांचा कप तोंडाशीच थबकला. शिडीराव मात्र पळत सुटला होता. थंडीत तेल गोठू नये म्हणून टाकीखाली वाफेची नळी होती आणि तिचा व्हॉल्व्ह कुणीतरी सताड उघडा ठेवला होता. तेल उतू जायच्या बेतात होतं. त्याने व्हॉल्व्ह बंद केला.

मागून आलेल्या आत्याने दुमजली पेशंटकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग ओली घडी पत्र्यावर ठेवली. चर्र झालं.

"पोटात काय आहे हिच्या?"

"तेल."

"नुसतं तेल? मग आणखी काय होणार!"

मॅनेजरसाहेबांनी त्याच दिवशी नंबर बदलायला सांगितलं, पण आत्या हटून बसली. "चालू उपचारात नर्स बदलत नाहीत." शेवटी साहेबच म्हणाले, "राहू दे. निदान त्या फोन तरी उचलतात."

आता आत्या रोज शिडीरावाला फोन करून टाक्यांची खबर देते आणि वर खडसावते. परवा म्हणाली, "बाकीच्या सगळ्या बोलतात, ती पाच नंबर तेवढी गप्प. सासरी जाच आहे का तिला?"

शिडीरावाने जाऊन पाहिलं, तर पाच नंबरवर यंत्र बसवायचंच राहिलं होतं. आत्याला मात्र ते पटलं नाही. "तू नको सांगूस," ती म्हणाली, "तिला फोनवर दे."