दोनशे बारा नंबरची बत्ती

"मंत्र्यानं हेलिकॉप्टरातून पूर पाह्यला म्हन्ते," खिडकीतून बत्ती पुढं सरकवत शालिकराम म्हणाला, "पुरानं बी वर पाह्यलं असन. म्हनलं असन, हे कोनतं पाखरू गा?"

रांगेतली माणसं हसली. एकेक जण पितळी बिल्ला देई, डोक्यावरच्या टोपीत बत्ती अडकवी आणि खाणीच्या तोंडाकडं चालू लागे. सावनेरजवळच्या त्या कोळसा खाणीत शालिकराम गजघाटे एकोणीस वर्षं बत्तीघर सांभाळत होता. खाली जाणाऱ्याकडून बिल्ला घ्यायचा, बत्ती द्यायची. वर आला की बत्ती घ्यायची, बिल्ला द्यायचा. काम एवढंच. पण छप्पनच्या दीक्षेला बापाबरोबर नागपूरला जाऊन आला, त्या दिवसापासून पेपर वाचल्याशिवाय तो जेवला नव्हता. नागपूरहून पहिल्या एसटीनं पेपर यायचा आणि दुसऱ्या पाळीपर्यंत त्यातली निम्मी बातमी शालिकरामच्या तोंडून मीठमसाला लावून खाली जायची.

"अन् मंत्रिमंडळाचा विस्तार झाला, भाऊ," तो पुढच्याला म्हणाला. "आपल्या नळाचा कधी होते, ते नाही छापलं."

रांगेत शेवटी नत्थू होता. ठेकेदाराकडचा माणूस, जेमतेम पंचविशीचा. त्याचं नाव हजेरीत नव्हतं, त्याला बिल्ला नव्हता. "नाव उद्या चढवू, आज बत्ती देऊन टाक," असं खाणीचे दुय्यम मॅनेजर, छोटे साहेब, म्हणाले होते. ते 'उद्या' अकरा दिवस लांबलं होतं. रोज शालिकराम त्याला दोनशे बारा नंबरची बत्ती देत होता. त्या बदल्यात खुंटीवर बिल्ला लागत नव्हता.

"काका, टीव्हीवर काल काय दाखवलं गा?" नत्थूनं विचारलं.

"शेतकऱ्याले शेती शिकवून राहिली होती टीव्ही. धोतर कडक इस्त्रीचं. बैलाले बी पावडर लावली होती."

नत्थू हसत हसतच, सगळ्यांच्या मागून एकटा, खाली गेला.

संध्याकाळी साडेपाचला जुन्या गॅलरीत, खालच्या बंद बोगद्यात, साचलेलं पाणी फुटलं. भोंगा वाजला, माणसं चिखलानं माखून वर येऊ लागली. शालिकराम खिडकीतून हात काढून बत्त्या घेत होता, बिल्ले देत होता. अंधार पडेपर्यंत खुंटीवर चार बिल्ले उरले. आणि फळीवर पाच बत्त्यांच्या जागा रिकाम्या होत्या.

सकाळपर्यंत चार प्रेतं वर आली.

छोटे साहेब बत्तीघरात आले तेव्हा त्यांचे डोळे तांबारलेले होते. त्यांनी दार लोटून घेतलं.

"दोनशे बारा दुरुस्तीला गेली आहे, असं लिही."

"साहेब, ते तं नत्थू..."

"नत्थू परवाच काम सोडून गेला. ठेकेदारानं लिहून दिलंय." साहेबांचा आवाज खाली आला. "आणि बिल्ल्याशिवाय बत्ती कोणी दिली, शालिकराम? माझी सही आहे का कुठं? नोकरी तुझी जाईल, क्वार्टर जाईल. दोन मुली आहेत तुला."

शालिकरामनं वही ओढली आणि लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं, याचं त्याला नंतर पुष्कळ दिवस नवल वाटत राहिलं.

घरी बायकोनं, गोपिकानं, ताट वाढलं. पेपर घडीतच पडला होता.

"चार म्हन्तेत लोक," ती म्हणाली. "चारच होते न?"

"हो."

"मंग तुमी काहून जेवून नाही राह्यले?"

त्यानं हात धुतला.

नत्थूची बायको वच्छला दुसऱ्या दिवसापासून खाणीच्या फाटकाशी येऊन बसू लागली. कडेवर आठ महिन्यांची पोर. चौकीदार सांगे, तुझा माणूस इथं नव्हताच, बाई. कोणी म्हणे बालाघाटकडं गेला. कोणी म्हणे एकटा नाही गेला. शालिकराम कामावर जाताना मागच्या फाटकानं जाऊ लागला. रांगेत माणसं यायची, बिल्ला द्यायची, क्षणभर थांबायची. तो मुकाट्यानं बत्ती सरकवायचा. एवढी माणसं गेली, शालिकभाऊचं मन लागत नसेल, असं त्यांना वाटे.

चौथ्या दिवशी संध्याकाळी कामगारांच्या हॉलमध्ये बातम्यांना गर्दी झाली. खाणीची बातमी टीव्हीवर येणार, असं कोणीतरी ऐकून आलं होतं. छोटे साहेबही मागच्या खुर्चीवर बसले होते. शालिकरामची जागा नेहमीची, पहिल्या रांगेत. लोकांनी ती राखून ठेवली होती, म्हणून त्याला बसावं लागलं.

वच्छला आली ती थेट पुढं. पोर मांडीवर घेऊन सतरंजीवर बसली. तिनं टीव्ही कधी पाहिला नव्हता.

"शालिकभाऊ, ह्याच्यात नावं सांगतेत का?"

"सांगतेत कधी कधी," तो म्हणाला.

बातम्या लागल्या. दिल्लीतली एक बैठक झाली, कोणी परदेशी पाहुणा विमानातून उतरला, त्याच्या गळ्यात हार पडले. मग त्या नीट केस बसवलेल्या बाईनं त्याच आवाजात सांगितलं की नागपूरजवळच्या एका कोळसा खाणीत पाणी शिरून चार कामगारांचा मृत्यू झाला. शोधकार्य पूर्ण झालं असून पाणी शिरलेला भाग उद्या भिंत घालून बंद करण्यात येईल. लगेच क्रिकेट सुरू झालं.

साऱ्यांचे डोळे सवयीनं शालिकरामकडं वळले. अशा वेळी तो काहीतरी बोले, आणि त्यानंतर लोकांना घरी जाता येई.

वच्छला मात्र हसली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झाला.

"माया मानसाचं नाव नाही घेतलं," ती म्हणाली. "चारच म्हनलं न, भाऊ? म्हंजे तो गेलाच असन कुठं पळून. जाऊ दे बावा. कोनासंगं बी राहो. जिता तं हाये."

ती उठली, पोरीला कडेवर घेतलं.

उद्या भिंत. शालिकरामला एवढं एकच ऐकू येत होतं. आपण बसून राहिलो तर ही बाई घरी जाईल आणि म्हातारी होईपर्यंत रोज दारात उभी राहील. आणि नत्थू विटांच्या पलीकडं. मागं साहेबांची खुर्ची करकरली.

"वच्छला, थांब वं," तो म्हणाला.

ती थांबली.

"पाच होते. मी त्याच्या हातात बत्ती देल्ली. दोनशे बारा नंबर. बिल्ला नोयता त्याच्यापाशी, तरी देल्ली. ते बत्ती वापस नाही आली." त्यानं मागं वळून पाहिलं नाही. "वहीत मी खोटं लिवलं."

"पळाला नाही?"

"नाही, माय. तो खालीच हाये."

वच्छलानं पोरीला सतरंजीवर ठेवलं. हातातल्या हिरव्या बांगड्या ती एकेक करून काढू लागली. एक निघेना, तिनं ती तशीच ओढली आणि मनगटावर रक्त आलं. कोणीतरी टीव्ही बंद केला.

त्यानंतर हॉलमधली माणसं घरी गेलीच नाहीत, फाटकाशी गेली. भिंत घालू देणार नाही म्हणून तिथंच बसली. जुन्या खाणकामगारांपैकी धोंडबा म्हणाला की खाणीत उतरायच्या जुन्या, बंद पडलेल्या वाटेनं आत शिरता येतं. तिकडं कोळसा खोदत गेलं तर दोन दिवसांत पलीकडच्या चढाला, पाणी पोचलं नसेल अशा उंच भागाला, भिडता येईल. आधी कोणी तिकडं गेलं नव्हतं, कारण तिकडं कोणी असेल, हे गणतीतच नव्हतं. सकाळी काम सुरू झालं. शालिकरामच्या हातात त्याच वेळी निलंबनाचा कागद पडला. त्यानं तो खिशात घातला आणि इतरांबरोबर दगड उचलायला लागला.

सहाव्या दिवशी दुपारी ते नत्थूपर्यंत पोचले.

शालिकरामला बत्तीचा नंबर ओळखायला बोलावलं. दोनशे बाराच होती. पाण्याच्या वर दोन हात उंच, कोरड्या चढावर नत्थू भिंतीला टेकून बसला होता. बत्तीचा पट्टा नीट गुंडाळून त्यानं शेजारी ठेवला होता. डॉक्टर वाकले, बराच वेळ पाहत राहिले. "पाण्यानं नाही गेला हा," ते हलकेच म्हणाले. "एक दिवस झाला असेल, फार तर दीड."

शालिकराम तिथंच खाली बसला. धोंडबानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, मग काढून घेतला.

चौकशी नागपूरला, रामदासपेठेतल्या एका कार्यालयात लागली. तिथं जायच्या आदल्या दिवशी सकाळी वच्छला पेपर घेऊन त्याच्या दारात आली. मनगटावर खपली धरली होती. हॉलमध्ये बोलला म्हणून ती त्याला मानू लागली होती. कालच तिनं गोपिकाजवळ म्हटलं होतं, शालिकभाऊ नसते तर माया मानसाले माती बी भेटली नसती.

"ह्यांचं छापून आलं म्हन्तेत," ती म्हणाली. "वाचून द्या, भाऊ."

पाचव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, सात ओळी होत्या. शालिकरामनं चष्मा लावला.

"'येथील खाण दुर्घटनेतील पाचव्या कामगाराचा मृतदेह बुधवारी हाती लागला,'" तो वाचू लागला. "'नत्थू रुपराव नेवारे, वय पंचवीस, असे त्याचे नाव आहे.'"

पुढची ओळ होती: पाणी शिरल्यानंतर तो सुमारे पाच दिवस जिवंत असावा, असे वैद्यकीय सूत्रांनी सांगितले.

"'त्याच्या मागे पत्नी व एक मुलगी असा परिवार आहे,'" त्यानं वाचलं.

वच्छलाचे ओठ त्याच्यापाठोपाठ हलत होते. तिला ते पाठ करायचं होतं, पोरीला पुढं सांगायला.

"अजून एक डाव वाचा न, भाऊ. सावकाश."

शालिकरामनं पेपर डोळ्यांजवळ नेला. पहिली ओळ वाचली, नाव वाचलं, वय वाचलं. मधल्या ओळीवर त्याचा अंगठा होता. तो तसाच दाबून धरून त्यानं पुढची ओळ सावकाश वाचली.