बाबांच्या हातचं गरम पाणी

आमच्या घरात बिघडलेली प्रत्येक वस्तू दोनदा दुरुस्त होते. आधी माझे सासरे करतात, मग ते संध्याकाळी फिरायला गेले की मेकॅनिक करतो. सासऱ्यांना यातलं काही कळता कामा नये, असा माझ्या नवऱ्याचा दंडक आहे. बाबांचं मन मोडू नये म्हणून. मनाचा विचार या घरात आलटून पालटून होतो, आणि माझी पाळी अजून यायची आहे.

बाबांनी जन्मभर विम्याच्या कचेरीत फायली इकडच्या तिकडे केल्या. स्क्रू-ड्रायव्हर हातात आला तो निवृत्तीनंतर, आणि मग काही केल्या सुटला नाही. "एवढ्यासाठी माणूस बोलवायचा?" हे त्यांचं पालुपद. फिरून आले की ते चालू झालेल्या पंख्याखाली उभे राहतात आणि माझ्याकडे बघतात. मी म्हणते, "तुमच्या हाताला गुणच आहे, बाबा." एरवी मला खोटं बोलायचा कंटाळा आहे, पण यात आता माझा हात बसलाय.

या वेळी गिझर होता. आधी पाणी कोमट यायला लागलं. बाबांनी तापमानाचं बटण पार शेवटपर्यंत फिरवून ठेवलं. मग पाणी इतकं कढत यायला लागलं की हात घालवेना, आणि टाकीतून गडगड आवाज सुरू झाला. मी म्हटलं, आता तरी कुणाला दाखवू या. बाबा म्हणाले, "पाणी तापलं की आवाज होणारच." नवऱ्याने मला डोळ्यांनी दटावलं. नंतर टाकीच्या खालच्या व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकायला लागलं आणि मी तिथे बादली लावली. एका सकाळी बादली कोरडी. बाबांनी व्हॉल्व्हच्या तोंडात बूच ठोकून त्यावर पांढरी टेप गच्च गुंडाळली होती.

"एक थेंब नाही," ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका खुलला होता की मला रागावताही येईना.

संध्याकाळी ते बाहेर पडले आणि मेकॅनिक आला. हा माणूस भयंकर बोलका. दारातच विचारतो, "आजोबांनी या वेळी काय केलं?" पण ते बूच बघितलं आणि त्याने आधी मेन स्विच बंद केला. मग टाकीला हात लावून बघितला आणि मला दोन पावलं मागे व्हायला सांगितलं.

"वहिनी, थर्मोस्टॅट गेलाय. पाणी तापायचं थांबतच नाही," तो म्हणाला. "आतला जोर बाहेर पडायला हीच एक वाट होती. ठिबकत होतं ते बरं होतं. ही वाट बुजवल्यावर टाकी फुटते."

त्याने थर्मोस्टॅट बदलला, व्हॉल्व्ह बदलला, टाकीत साचलेले क्षार खरवडून काढले. निघताना मला बजावून गेला की ठिबकायला लागलं की त्याच दिवशी फोन करायचा. मी मान डोलावली. आमच्याकडे आधी बाबांचा नंबर लागतो, हे त्याला काय सांगणार?

बाबा आले, न्हाणीघरात डोकावले आणि खूश होऊन जेवायला बसले. जेवता जेवता म्हणाले, "ताईकडचाही गिझर असाच ठिबकत होता. दुपारी जाऊन तिथेही बूच मारून आलो."

ताई म्हणजे माझी नणंद. तिची मुलगी अजून शाळेतही जात नाही. माझा घास हातातच राहिला. नवरा ताटात बघत पुटपुटला, "जेवण होऊ दे, मग बघू." तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं. उजवा हात खरकटा होता, म्हणून डाव्या हाताने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"ताई, आधी गिझर बंद कर. बाबांनी बूच मारलंय, टाकी फुटेल."

ताई हसली. "अगं वहिनी, जरा दम खा. बाबा जिना उतरले आणि मी मेकॅनिकला फोन केला. आमच्याकडे नेहमी तसंच असतं. दादाला सांगू नकोस हं, बाबांपर्यंत जाईल."

मी फोन ठेवला. नवऱ्याने मान वर केली नाही.

"तिकडेही?" बाबा म्हणाले.

मग तेच पुढे म्हणाले, "इकडचं मला माहीत होतं. मेकॅनिकची स्कूटर फाटकाशी दिसली की मी आणखी एक चक्कर मारून यायचो. म्हटलं, तुम्हाला माझं मन राखायचंय, तर राखू दे. पण ताईकडचं माझ्या हातचं टिकतं, असं वाटायचं मला."

"तसं नाही, बाबा," नवरा म्हणाला. बाबांनी त्याला हातानेच थांबवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"खरंच फुटली असती?"

"हो," मी म्हटलं. इतक्या वर्षांत त्यांच्या दुरुस्तीबद्दल मी पहिल्यांदाच खरं बोलले, आणि ते बोलताना मला रडू आलं.

"पोरीला तिथेच आंघोळ घालतात," बाबा म्हणाले. त्यांनी ताट बाजूला सारलं. "बरं झालं. बरं झालं, तिनेही मला फसवलं."