कण्याबाबाची मूठ

मारुतीच्या पारासमोरचा मंडप माणसांनी फुटायला आला होता. कापसाची वेचणी सोडून बाया आल्या, दुकानांची शटरं ओढून बाप्ये आले. मंचावर भगव्या शालीतले कण्याबाबा माईकवर गरजत होते, “माझी तुळस हाती, दुखणी पळून जाती! बोला भक्तहो, कंबर कोणाची दुखते?”

दुखत कोणाची नव्हती? कमरेला कापसाची ओटी बांधून दिवसभर वाकणाऱ्या बायांना हा प्रश्न! सगळ्यांचे हात वर गेले.

दहावीतली मयूरी मात्र मंचाच्या मागे, पाण्याच्या ड्रमाशेजारी एकटी बसली होती. तिला पाळी आली होती. “विटाळशी मागं!” म्हणत बाबांच्या माणसानं तिला तिकडे पिटाळलं होतं.

तिचे गुन्हे दोन. परसात पेंटच्या जुन्या डब्यांत तिनं तुळस, पुदिना, ओवा आणि गवती चहा लावला होता, आणि महिन्याचे तीसही दिवस ती त्यांना पाणी घालत होती. दुसरा गुन्हा म्हणजे शाळेतल्या विनोदिनी मॅडमनी शिकवलेला पिलाटेसचा व्यायाम ती रोज संध्याकाळी सतरंजीवर आईकडून करून घ्यायची. पाठ टेकव, श्वास सोड, पोट आत, पाय हळूहळू वर. “मी का सर्कशीत जाऊन राह्यली का वं?” असं म्हणणारी आई, भागीरथाबाई, आता भिंत न धरता अंथरुणातून उठू लागली होती.

आणि नेमका तेव्हाच बाबांनी निकाल दिला होता: “पोरीनं विटाळात झाडांना हात लावला, तो दोष आईच्या कण्यात उतरला! डबे इथं आणा, बासरला गोदावरीत सोडू. अन् ते सतरंजीवरचं लोळणं आजपासून बंद!”

डबे मंचावर येऊन पडले होते. आता आईचा नंबर होता.

“माई, पाय जुळवा. हात पाठीमागं गुंफा.” बाबांनी मयूरीच्या पुदिन्याचं पान आईच्या हातात खोचलं, मागे उभं राहून गुंफलेल्या हातांवर मूठ ठेवली आणि दाबलं. आई धाडकन मागे कलली. चेल्यांनी तिला झेललं.

“दोष!” बाबा गरजले. “आता माझी तुळस.”

पुन्हा तीच मूठ. बाबा तर अक्षरशः लोंबकळले, पण आई खांबासारखी उभी! मंडपात “जय हो!” उसळलं.

आईनं डोळ्यांना पदर लावला. “न्या ते डबे, बाबा. व्यायामबी बंद.”

समोरच्यांना दिसला आईचा चेहरा आणि बाबांची शाल. मयूरीला दिसली होती मूठ. ती ताडकन उठली आणि मंचावर चढली.

“खाली हो! विटाळ!” चेला ओरडला.

“हो, पाळी आली मले! तुमीच मागं बसवलं ना? म्हणूनच तं बाबाची मूठ दिसली!” एवढं मोठ्यानं आपण बोललो यावर तिचाच विश्वास बसेना, आणि मजा म्हणजे तिला ते भारी आवडलं. “धोंडीबाकाका, या वर!”

कापसाच्या जिनिंगमध्ये हमाली करणारा धोंडीबा लाजत आला. “माह्यी कंबर तं ठीक आहे, माय.”

मयूरीनं त्याला हात पाठीमागं गुंफायला लावले, हातात बाबांचीच तुळस दिली आणि वर मूठ ठेवून दाबली. एवढा पहिलवान गडी, थेट मागे मांडलेल्या बाबांच्या सोफ्यावर जाऊन पडला! मग तिनं त्याला स्वतःची चप्पल धरायला दिली आणि त्याच्या हातांवर दोन्ही पाय उचलून लोंबकळली. धोंडीबा हललाही नाही.

“काऊन हो काका, माह्यी चप्पल सिद्ध आहे का?”

मंडपात हशा फुटला.

“पाहा, हात मागं, बाहेर ओढत दाबले तं तोल टाचांच्या मागं जाते अन् माणूस पडते. तेच टाचांकडं दाबले तं सारं वजन पायावर येते, माणूस उभा राह्यते. पान कोणतंबी असो! सारे मागं या अन् बाबाची मूठ पाहा. बाबा, शाल काढा. मी पानं कागदात गुंडाळून देते. कोणतं कोणाचं, सांगणार नाही. आईवर पुन्हा करा.”

माणसं उठली. खुर्च्या सरकवत, एकमेकांना ढकलत सगळी ड्रमाजवळ गोळा झाली.

“आता सारं गावच विटाळशीच्या जागी बसलं वं!” म्हाताऱ्या बयनाबाई खिदळल्या.

बाबांनी शाल काही काढली नाही. त्यांना एकदम फोन आला, बोथ गावचे भक्त खोळंबल्याचं आठवलं, आणि जीप धुरळा उडवत गेली.

आई डब्यांकडे बघत होती. “मयूरे, मग ह्या पुदिन्यानं माह्यी कंबर बरी होते का?”

“नाही आई. पुदिना चटणीले. कंबरेले व्यायाम. अन् ओटी अर्धी भरली की रिकामी करत जा. तरी दुखलं तं दवाखाना.”

आईनं ड्रममधून तांब्या भरला आणि लेकीच्या हातात दिला. “घाल पाणी. आत्ता, साऱ्यांसमोर.”

मयूरीनं चारही डब्यांना पाणी घातलं. तुळशीचं एक पानसुद्धा करपलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही आणि पुढच्या महिन्यातही नाही. ज्यांना शंका असेल त्यांनी तिच्या परसात येऊन बघावं. ओव्याच्या पानांची भजी मिळतील.

चमत्कार दाखवणाऱ्याला एवढंच विचारा, मागून बघू देता का? आणि पोरींनो, कोणी तुम्हाला मागे बसवलंच, तर तिथूनही डोळे उघडे ठेवून बघा. जे दिसेल ते उठून, मोठ्यानं सांगा.